पिल्लाच्या नखांसाठी स्प्रिंगचा छोटा क्लिपर: पावसाळा ते उत्तरायण

पकडीच्या आकाराचा, मधे स्प्रिंग असलेला हा क्लिपर वडोदऱ्याच्या अख्ख्या पावसाळ्यात आणि पुढे उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणापर्यंत, घरी वापरून झालाय. कुत्र्याच्या पिल्लासाठी हाच घ्या, आणि लहान मापाचाच. मोठ्या पात्यांच्या आड पिल्लाचं नख दिसेनासं होतं, आणि न दिसणारं नख कापू नये. गोल भोकात नख घालून कापायचा प्रकारही मिळतो, पण पिल्लानं पंजा ओढला की नख आतच अडकतं. माणसांचं नेलकटर अगदी लहान पिल्लाच्या सुईसारख्या टोकापुरतं ठीक. नख जाड झालं की ते चेपून चिरतं.

पंजाच्या गादीखाली अंगठा, वर तर्जनी ठेवून हलकं दाबलं की नख पुढे येतं. पांढऱ्या नखात जिव्हाळी, म्हणजे नखातला रक्ताचा दुखरा भाग, गुलाबी दिसते, तिच्यापासून 2 मिमी सोडून कापायचं. काळ्या नखात मात्र घाई अजिबात नको. मिलिमीटरभराहून पातळ चकती काढायची आणि प्रत्येक वेळी कापलेलं तोंड उजेडात बघायचं. आधी ते कोरडं, खडूसारखं पांढुरकं असतं. मग मधोमध करडा-काळा ठिपका उमटतो. तिथे थांबायचं, पुढे जिव्हाळीच आहे. पात्यामागची सेफ्टी पट्टी हे काम करत नाही. जिव्हाळी कुठे आहे ते तिला काय कळणार? उलट ती नजरेआड येते, म्हणून बाजूला फिरवून ठेवलेली बरी.

खरी तक्रार धारेची. काही महिन्यांनी कापताना येणारा स्वच्छ ‘टक्’ आवाज जातो, नखाच्या कडेला तुसं निघतात आणि काप पूर्ण व्हायच्या आतच पिल्लू पंजा ओढतं. लोक पिल्लाला हट्टी म्हणतात. पण बोथट पातं कापण्याआधी नख चेपतं, आणि तो दाब जिव्हाळीला दुखतो. धार लावता येत नसेल तर सरळ नवा घ्या. दमट हवेत सांध्याला गंजही धरतो. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो, फक्त वापरण्याआधी पुसून घ्या, कारण पिल्लू नंतर पंजे चाटतंच.

रक्त थांबवायची पावडर जवळ हवीच. नसेल तर झाकणात कॉर्नफ्लोअर घेऊन नख त्यात दाबा आणि 2-3 मिनिटं तसंच धरा. सारखं उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते. तुरटीची पूडही चालते, झोंबते मात्र. 10 मिनिटांत रक्त थांबलं नाही तर डॉक्टरांकडे.

पावसात फिरणं कमी होतं, रस्त्यावर नखं झिजत नाहीत आणि घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर टकटक ऐकू येऊ लागते. नख वाढू दिलं तर जिव्हाळीही लांबते. दर 2-3 आठवड्यांनी थोडं थोडं कापत राहिलं तर ती हळूहळू मागे सरकते. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचं, वरचं नख जमिनीला टेकतच नाही. ते केसांत लपून वळतं आणि कातडीत रुतू शकतं, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

एका बैठकीत सगळी नखं झालीच पाहिजेत असं नाही. एक नख, एक खाऊ, बाकीची उद्या. उत्तरायणाच्या दोन दिवसांत, गच्च्यांवर भोंगे वाजत असताना, क्लिपर बाहेरच काढू नका.