बॅटरी टाका, 'अमेरिका पॅकेज' सोडा

आधीच सांगून टाकतो. बॅटरी, डिस्प्ले, चार्जिंग जॅक यांसाठी या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात डोळे मिटून जा. अमेरिकेच्या विमानतळावर फोन तपासतील या भीतीवर बाहेर फ्लेक्स लावून पंधराशेला विकतात ते 'अमेरिका पॅकेज' मात्र घेऊ नका.

दुकानाचं नाव लिहीत नाही. नागपुरात बर्डीवर मोदी नंबर तीनच्या बाजूला फिरलात तर फ्लेक्स दिसेलच. भाची टेक्सासला एमएसला चालली, तिचा जुना आयफोन घेऊन गेलो होतो. कूलरचं तोंड मालकाकडे, गिऱ्हाईक घामाघूम. पण आतला पोट्टा कामाला पक्का. काढलेला प्रत्येक स्क्रू चुंबकाच्या पट्टीवर ज्या जागेचा त्या जागी मांडत होता. बॅटरीखालची चिकटपट्टी ओढताना जराही घाई नाही. उघडलेला फोन पुन्हा चिकटवायच्या आधी चार्जिंग दाखवलं आणि जुनी बॅटरी न मागता हातात दिली.

आता पॅकेज. एक 'अँटी-हॅकिंग' ॲप, टेम्पर्ड ग्लास, व्हॉट्सॲपला लॉक आणि वर मालकाची हमी : "भाऊ, हे टाकलं का एअरपोर्टवर कोणी माई का लाल फोन उघडू शकत नाही!"

मी मिहानमध्ये आयटी सपोर्टला आहे, गप्प बसवलं नाही. अमेरिकेची इमिग्रेशनची खाती इस्रायलच्या सेलेब्राइट कंपनीची अवजारं वापरतात, ग्रेकी नावाचंही वापरतात. फोन केबलने जोडायचा, सॉफ्टवेअरमधल्या फटीतून लॉकला बगल द्यायची आणि आतलं सगळं उतरवून घ्यायचं. हे असल्या ॲपला जुमानत नाही. फरक पडतो तो फोन बंद आहे की चालू याने. चालू करून एकदा पासकोड टाकला की नंतर लॉक केला तरी बरीच माहिती उलगडायच्या डिजिटल चाव्या मेमरीत राहतात. बंद फोन त्यामानाने फार कठीण. म्हणून तर ॲपलने 2024 मध्ये आयओएस 18.1 पासून तीन दिवस न उघडलेला फोन आपोआप रीस्टार्ट व्हायची सोय आणली, 2025 मध्ये गूगलनेही अँड्रॉइडसाठी आणली. फुकट. अपडेट करा, चार आकडी पिन काढून लांब पासकोड टाका, विमानातून उतरायच्या आधी फोन बंद करा. पॅकेजच्या यादीत यातलं एकही नव्हतं.

आणि खरी गोम पुढेच आहे. तिथल्या इमिग्रेशनच्या काउंटरवर बहुतेक वेळा यंत्र लागतच नाही, अधिकारी सरळ म्हणतो फोन उघडून द्या. तिथल्या पोलिसांना अटक केलेल्याचा फोन बघायला 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून वॉरंट लागतं. सीमेवर कस्टम्सवाले त्याविना तपासतात. नाही म्हटलं तर अमेरिकी नागरिकाचा फोन ठेवून घेतील, पण त्याला आत घ्यावंच लागतं. व्हिसावाल्या पोरीला परत पाठवू शकतात. इथे कोणतं ॲप कामी येणार?

2024 च्या आर्थिक वर्षात तिथे 47 हजारांवर उपकरणं तपासली गेली. आलेल्या प्रवाशांच्या मानाने हे 0.01 टक्क्याच्या आसपास, तेव्हा आमच्या ताईसारखी झोप उडवून घ्यायचं कारण नाही. फोनमध्ये उतरलेलंच बघायचं, क्लाउडमधलं ओढायचं नाही असा त्यांचाच नियम आहे. म्हणून खासगी फोटो, बँकेची कागदपत्रं फोनमध्ये नेऊच नका. (इन्स्टाग्राम तर व्हिसाच्या वेळीच पब्लिक करायला लावलं. जून 2025 पासून विद्यार्थ्यांना तसंच सांगतात.)

गंमत पावतीची. तिच्यावर पॅटर्न काढायला नऊ ठिपक्यांची चौकट छापलेलीच आहे. मागच्या ट्रेमध्ये दुरुस्तीचे फोन, प्रत्येकाच्या पाठीवर स्टिकर आणि स्टिकरवर पेनाने पिन! चहावाला ट्रेच्या शेजारीच कप ठेवून जातो. अमेरिकेचं सरकार ज्यासाठी डॉलर मोजतं ते इथे आपण स्वतः लिहून देतो. बॅटरी बदलायला पासकोड लागत नाही, देऊ नका. सॅमसंगमध्ये मेन्टेनन्स मोड आहे, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड. तो लावला की दुरुस्तीवाल्याला तुमची माहिती दिसत नाही, तो लावून द्या. मी ती चौकट कोरी ठेवली तर मालक म्हणाले, "सगळेच देतात ना भाऊ." पण जबरदस्ती केली नाही, हेही खरं.

बॅटरीचे अठराशे घेतले, तीन महिन्यांची वॉरंटी शिक्क्यासह. कामाला पाचपैकी साडेचार, पॅकेजला शून्य. गाडी लावायला जागा नाही, मेट्रोने या. आणि रविवारी टाळा, फुटपाथवरच्या बाजारातून दुकानाचं दार गाठणंच मुश्कील.