आठ महिन्यांनंतर: सुगंध अप्रतिम, फवाऱ्याने मात्र छळलं

गेल्या महिन्यात या अत्तराच्या बाटलीचा फवारा तुंबला. बटण दाबलं की तुषार उडायचे नाहीत, एक जाड थेंब बोटावरून ओघळून मनगटापर्यंत यायचा. बाटलीत तिसरा हिस्सा शिल्लक, आणि तोंड धातूच्या कड्याने कायमचं आवळलेलं, त्यामुळे उघडून दुसऱ्या कुपीत ओतायचीही सोय नाही. एवढं चांगलं अत्तर डोळ्यांसमोर अडकून पडलेलं बघवत नव्हतं.

वासाबद्दल आधी सांगते. सुरुवातीला वेलची आणि काळी मिरी, पण ठसका लागेल अशी नाही. वेलचीची हिरवी, गार बाजू तेवढी पुढे येते. दहा-पंधरा मिनिटांनी जायफळाची ऊब येते, आणि तासाभराने सगळ्याच्या खालून देवदार वर येतो. नव्या पेन्सिलीला टोक काढताना जो कोरडा, स्वच्छ वास येतो ना, अगदी तोच. अत्तराच्या जगात ज्याला व्हर्जिनियाचा देवदार म्हणतात ते झाड खरं तर जुनिपरच्या जातीचं, आणि पूर्वी पेन्सिली त्याच्याच लाकडाच्या असायच्या. सर्वांत शेवटी वाळा, मुळांचा, किंचित धुरकट. बाटलीवर 'पुरुषांसाठी' छापलंय. मला तो वाळा आवडला, मी घेतलं.

पहिले दोन महिने मात्र मी याला नावं ठेवत होते. अर्ध्या तासात वास गायब! पैसे पाण्यात गेले असं वाटून दोन फवाऱ्यांचे सहा केले. मग एकदा धाकटी बहीण दिवस मावळताना भेटली, गळ्यात पडली आणि म्हणाली, "ताई, केवढा छान वास येतोय गं, नव्या कंपासपेटीसारखा!" सकाळी लावून दहा तास झाले होते. म्हणजे अत्तर टिकत होतं, माझं नाक सरावलं होतं. अशा लाकडाच्या वासाच्या परफ्यूममध्ये बहुतेक वेळा आयसो ई सुपर नावाचं रसायन असतं. १९७३ साली प्रयोगशाळेत बनलं ते. २००६ च्या मॉलिक्यूल ०१ नावाच्या परफ्यूममध्ये तर सुगंध म्हणून एवढं एकच आहे. याची खोड अशी की लावणाऱ्याला ते मध्येच जाणवतं, मध्येच हरवतं, शेजारच्याला मात्र येत राहतं. 'टिकत नाही' हा माझा आक्षेप मी मागे घेते. सहा फवारे मारून मी दोन महिने लोकांना त्रास दिला असणार, याचं वाईट वाटतं.

म्हणूनच फवाऱ्यावर इतका राग आहे. मंद अत्तराचा सगळा खेळ मात्रेचा असतो. एका दाबात साधारण ०.१ मिली बाहेर पडतं, म्हणजे १०० मिलीच्या बाटलीत हजारेक फवारे. रोज तीन धरले तर जवळजवळ वर्ष निघतं. थेंब ओघळायला लागला की हा हिशोबच कोलमडतो. शिवाय एका जागी साचलेल्या थेंबात मिरी आणि वाळा एकमेकांत मिसळून नुसता कडवट वास येतो. तुषार पसरले तरच वेलची, जायफळ, देवदार असे पदर सुटे होतात.

कंपनीला कळवलं. उत्तर आलं, बाटली परत पाठवा, तपासून सांगू. कुरिअरवाला म्हणाला, परफ्यूम ज्वलनशील, आम्ही घेत नाही. हे कंपनीला सांगितलं तर पुन्हा तेच उत्तर, शब्दही तेच. तीन आठवडे हेच चाललं. स्वतःच्या मालात अल्कोहोल आहे हे विकणाऱ्याला ठाऊक नसावं?

शेवटी घरीच केलं. वरचं बटण सरळ ओढलं की निघून येतं. ते कोमट पाण्यात तासभर ठेवलं, छिद्रात जमलेला चिकट थर सुटला, पूर्ण वाळवून परत बसवलं. बाटली अजिबात गरम करू नका. पहिले दोन दाब कोरडे गेले, तिसऱ्याला असे बारीक तुषार आले की नवी असतानाही आले नव्हते!

आता एक फवारा मानेला, दोन सुती शर्टाच्या आतून. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, अंगावर जास्त टिकतं. बाटली खिडकीतून काढून कपाटात ठेवलीय, कारण ऊन लागलं की आधी वरचे हलके वास बिघडतात, आणि ही वेलची मला गमवायची नाही. दुसरी बाटली घेणार, नक्की. फक्त याच वासाची आट्यांच्या तोंडाची, म्हणजे फिरवून उघडता येईल अशी बाटली कंपनीने काढावी, तीही मी आनंदाने घेईन. काल धुवायला टाकलेल्या शर्टाच्या कॉलरला आज सकाळीही वाळा होता.