कॉइन सिल्व्हर की स्टर्लिंग?

जुने अमेरिकी चमचे जमवायला सुरुवात कशाने करू, असं विचारलंत. कॉइन सिल्व्हर आणि स्टर्लिंग हे चमच्यांच्या चांदीचे दोन प्रकार. शुद्ध चांदीत फरक थोडाच: कॉइनमध्ये ती 1837 नंतरच्या अमेरिकी नाण्यांइतकी, म्हणजे 90 टक्के, स्टर्लिंगमध्ये 92.5 टक्के. खरा फरक घडणीत. कॉइन चमचे बहुतेक 1870 च्या आधीचे, पुष्कळसे हाताने ठोकलेले. दांड्यामागे कारागिराचं नाव असतं, कधी विकणाऱ्या दुकानदाराचंही. त्या ठशावरून गाव शोधता येतं. मला तर यातच सगळी गोडी वाटते. मात्र पत्रा पातळ, दांडा सहज वाकतो. टोक झिजून तिरकं झालेला चमचा घेऊ नका. स्टर्लिंग सहसा जाड, म्हणून महाग. गोरहम या अमेरिकी कंपनीच्या 1895 च्या ‘शँटिली’सारख्या नक्षीत हरवलेल्या नगाच्या जागी तसाच दुसराही मिळतो. रोज जेवायला वापरायचे तर स्टर्लिंग घ्या. कारागीर शोधायची हौस असेल तर कॉइनच.