चौदा महिन्यांनी: नाण्यांचा अल्बम, रेनकोटचा वास आणि स्वयंपाकघरातला डबा

अल्बम घेतल्यावर दोनच महिन्यांत मी इथे "पैसा वसूल" असं लिहिलं होतं. ते शब्द मागे घेतो. कुणी माझं वाचून तोच अल्बम घेतला असेल तर आजच नाणी बाहेर काढा, बाकीचं नंतर वाचा.

अल्बम म्हणजे तोच, साडेसहाशेचा, मऊ पारदर्शक खिशांची दहा पानं असलेला. पहिल्या दिवशी उघडला तेव्हा नव्या रेनकोटसारखा वास आला. नवं आहे, जाईल वास, असं वाटलं. डिसेंबर ते जून काही जाणवलं नाही. मग पनवेलचा पाऊस सुरू झाला, कपाट दीड महिना उघडलंच गेलं नाही. ऑगस्टमध्ये पान उलटलं तर खिसा नाण्याला चिकटलेला. हळूच सोडवला, तर बोटाला हिरवट, तेलकट चिकटा लागला.

नाणं पश्चिम भारतावर राज्य केलेल्या क्षत्रपांचं होतं, त्यांच्यातल्या दुसऱ्या रुद्रसेन राजाचा चांदीचा द्रम्म. जेमतेम दोन ग्रॅमचं, नखाएवढं. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, खाली नदीची नागमोडी रेघ आणि कडेने ब्राह्मीत "वीरदामपुत्रस". साडेसतराशे वर्षं मातीत आणि माणसांच्या हातांत टिकलेलं ते नाणं माझ्या कपाटात आठ महिन्यांत बिघडलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण सोपं आहे. खिशांचा तो मऊपणा पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचा. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर झिरपतं, प्लास्टिक स्वतःही कुजत आम्ल सोडतं आणि ते आम्ल तांब्याला खातं. क्षत्रपांच्या चांदीत थोडं तांबं असतंच. शिवराई तर अख्खी तांब्याची, त्यामुळे पुढच्या पानावरच्या दोन शिवराई नाण्यांवर "छत्रपति"च्या "छ"भोवती हिरवी कड आली होती.

दुकानात गेलो. "अहो काका, सगळे हेच नेतात, आजवर कुणाची तक्रार नाही." मी म्हटलं, दादा, पैसे परत नको देऊ, फक्त माल कशाचा आहे ते सांग. त्याला ठाऊक नव्हतं. पाकिटावरही नाही. पानांची संख्या आहे, खिशांची संख्या आहे, "प्रीमियम" तीन ठिकाणी आहे. ज्या एका शब्दावर सगळं अवलंबून, तो मात्र नाही. माझा राग अजूनही त्या एका न छापलेल्या शब्दावर आहे. शिवण उसवली असती तर मी दोरा घातला असता. जे लिहिलेलंच नाही ते गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं?

ओळखायची एक रीत मला पुढे कळली. तांब्याची तार चिमट्यात धरून गॅसवर लाल करायची, तापलेलं टोक प्लास्टिकच्या तुकड्याला लावायचं आणि पुन्हा ज्योतीत धरायचं. ज्योत हिरवी झाली तर आत क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. खिडकी उघडी ठेवा, धूर वाईट असतो. माझ्या अल्बमच्या कोपऱ्याने लख्ख हिरवी ज्योत दिली.

साफ करायला शुद्ध ॲसिटोन वापरलं, नेलपॉलिश काढायचं सुवासिक पाणी नव्हे. काचेच्या वाटीत, गॅसपासून लांब, गॅलरीत. दोन-तीन तास बुडवून ठेवलं, चिकटा निघून गेला. राजाच्या गालावरचे बारीक खड्डे राहिले, ते आता कायमचे. शेजारच्या काकू म्हणाल्या, चिंच लावा, लख्ख होईल. काकू, कृपा करून नको! 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला आहे, आणि खाली नहपानाची पुसट अक्षरं अजून दिसतात. घासली असती तर हरलेल्याचं नाव आपणच पुसलं असतं.

त्यानंतर सागवानी पेटीचा सल्ला मिळाला. पेटी सागवानी, पण आतले कप्पे प्लायवूडचे. तांब्याला काही झालं नाही म्हणून महिनाभर खूश होतो. मग कोल्हापूरच्या कुर राजांच्या शिशाच्या नाण्यावर, त्यांतल्या विळिवायकुराच्या धनुष्यबाणाच्या चित्रावर, पिठासारखी पांढरी भुकटी दिसली. लाकडातून आणि प्लायच्या डिंकातून आम्लाची वाफ येते, बंद पेटीत ती शिशाला सोसत नाही. नाणी ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चौकटींचाही तोच धोका, वर त्यांच्या पिना गंजतात. म्हणजे पेटीबद्दलचं मतही बदललं: चांदी-तांब्यासाठी बरी, शिशासाठी मुळीच नको.

आता चाललंय ते असं. पॉलिएस्टर प्लास्टिकची कडक पाकिटं, ज्यांना वास नाही आणि जी चुरचुर वाजतात. कडा टोचतात, म्हणून नाणं आत सरकवताना पाकीट फुगवून धरावं लागतं. ही पाकिटं स्वयंपाकघरातल्या घट्ट झाकणाच्या डब्यात उभी. डब्याच्या तळाशी त्रिकोणात 5 आणि पीपी (म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीसी नव्हे) लिहिलेलं पाहून घेतलं. भाजीच्या डब्यावर जे छापता येतं ते नाण्यांच्या अल्बमवर का नाही? सोबत ओल शोषणारे सिलिका जेलचे नारिंगी दाणे. ते हिरवे पडले की जुन्या, खाण्यासाठी बाद केलेल्या ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरतो. डबा आणि दाणे मिळून खर्च अल्बमच्या निम्म्याहून कमी. शिशाचं नाणं एकटं, काचेच्या छोट्या बरणीत.

रुद्रसेनाचा फोटो दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीपाशी काढतो. काल सप्टेंबरचा आणि फेब्रुवारीचा फोटो शेजारी ठेवून भिंगाने पाहिले. गालावरचे खड्डे तेवढेच आहेत, नवा हिरवा ठिपका एकही नाही.