मुठीत धरायचा लाकडी क्रूस, जालना – ४ स्टार (एक स्टार कार्डासाठी कापला)

जुन्या जालन्यात एक सुतारमामा आहेत, पाडलेल्या वाड्यांच्या सागवानी दारं-खिडक्यांचं जे लाकूड उरतं त्याचे छोटे क्रूस बनवतात, १५० रुपयाला एक. हा भिंतीवर लावायचा नाही आणि गळ्यात घालायचा पण नाही, मुठीत धरायचा. आडवी पट्टी मुद्दाम थोडी तिरकी ठेवलीय म्हणून बोटांत बरोबर बसतो. बेथेलच्या (रेव्ह. नारायण शेषाद्रींनी वसवलेलं गाव, आपल्या जालन्याजवळचंच) एका मावशींनी पत्ता दिला.

मायसाठी घेतला. तिचं डायलिसिस चालू आहे, एका हातात सुया आणि दुसऱ्या हातात हा. भेटायला येणारे काहीबाही बोलतात, कुणी म्हणतं मागचं पाप असंल, कुणी म्हणतं प्रार्थना कमी पडली. अरे, बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात येशूनं आंधळ्याबद्दल सरळ सांगितलंय, ना यानं पाप केलं ना याच्या आईबापानं, तरी आपले लोक बोलायचं सोडत नाहीत!

आणि म्हणूनच क्रूसासोबत येणाऱ्या छापील कार्डाचा मला राग आला. 'विश्वास ठेवा, सगळं दुःख निघून जाईल.' कुणी सांगितलं? प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं, काटा राहिलाच, कृपा पुरे आहे एवढंच उत्तर मिळालं. खुद्द येशू क्रूसावर २२वं स्तोत्र ओरडला, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' रोमी लोक गुलामांना आणि बंडखोरांना ज्या लाकडावर मारायचे ते हे लाकूड, आणि देव तिथं वरून बघत नव्हता, लटकलेला होता, माझ्यासाठी सगळा अर्थ इथंच आहे. किडनी का गेली याचं उत्तर यात नाही. पण मायला विचारलं तर म्हणली, "खिळे खाल्लेल्याला सुईचं काय सांगायचं, त्याला ठावंच हाय की." त्या दिवशी सुई लावताना तिनं सिस्टरचा हात पकडला नाही, क्रूस पकडला. दुखलं तेवढंच.

बाकी, पॉलिश लई घाण आहे, घामानं हात चिकट होतो, आणि खालचं टोक टोचतं. मामांना सांगितलं की बिनपॉलिशचा काढून देतात आणि टोक समोरच घासून देतात, पैसे वाढवत नाहीत. गुड फ्रायडेच्या आठवड्यात जाऊ नका, गर्दी असते. कार्ड नको म्हणून सांगा.