फाईलची माहिती: नावात की नावाबाहेर?

गिरगावातल्या चाळींचे जुने फोटो स्कॅन करून ठेवताना साल, जागा, प्रसंग लिहायचा कुठे?

नावातच लिहिलं, तर '१९६२_गिरगाव_गणपती' हे कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसतं आणि साल आधी असल्यानं क्रमही आपोआप लागतो. पण जागा अपुरी. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाईल-व्यवस्थेत (डिस्कवर फाईली ठेवायच्या पद्धतीत) नावाला २५५ बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, वेलांटी वेगळी मोजली जाते. 'गिरगाव' एवढ्यालाच १८ बाइट! म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. शिवाय साल चुकलं म्हणून नाव बदललं की जुन्या लिंका तुटतात.

दुसरा पर्याय विस्तारित गुणधर्मांचा, म्हणजे नावाबाहेर फाईललाच जोडलेल्या नोंदींचा. विंडोजच्या एनटीएफएस या फाईल-व्यवस्थेत नावापुढे कोलन देऊन वेगळा डेटा-प्रवाहही (त्याच फाईलला चिकटलेला माहितीचा आणखी एक साठा) जोडता येतो. नाव सुटसुटीत राहतं, माहिती हवी तेव्हा दुरुस्त होते. दिसायला हेच सरस. पण फाईल अशी सोय नसलेल्या एफएटी३२ फाईल-व्यवस्थेच्या पेनड्राइव्हवर टाकून दादरला कुणाला दिली, की ती माहिती गळून पडते. लिनक्सची फाईल कॉपी करणारी साधी सीपी आज्ञाही ती सोबत नेत नाही.

हातोहात फिरणाऱ्या संग्रहासाठी मी साल आणि जागा नावातच ठेवेन. माणसांची नावं, आठवणी शेजारच्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये.