एआय शिक्षक किती वेळ तग धरतो? स्टडी मोड, गाइडेड लर्निंग, खानमिगो आणि नोटबुकएलएम

आधी निकाल सांगून टाकू. शाळकरी वयाच्या मुलाला गणिताचा सराव करायचा असेल, तर खान अकॅडमीचं खानमिगो. स्वतःच्या नोट्स आणि धडे समजून घ्यायचे असतील, तर गूगलचं नोटबुकएलएम. चॅटजीपीटीचा स्टडी मोड आणि गूगलच्याच जेमिनायचं गाइडेड लर्निंग ही दोन्ही चांगली आहेत, पण ज्याला स्वतःहून शिकायचंय त्याच्यासाठी. उद्या वही द्यायची म्हणून रात्री उशिरा गृहपाठ उरकायला बसलेल्या मुलाला त्यांचा फारसा उपयोग नाही. साधनात खोट आहे असं नाही, पण ते चालू-बंद करायचं बटण त्या मुलाच्याच हाताखाली आहे.

खानमिगो मार्च २०२३ मध्ये, चॅटजीपीटीमागचं जीपीटी-४ हे मॉडेल ज्या दिवशी आलं त्याच दिवशी जाहीर झालं. स्टडी मोड जुलै २०२५ मध्ये आला आणि गाइडेड लर्निंग पाठोपाठ ऑगस्टमध्ये. या तिन्हींच्या पोटात विचारल्याबरोबर अख्खं उत्तर काढून देणारं मॉडेलच आहे. त्यावर सूचनांचा एक थर चढवलेला असतो: थेट उत्तर देऊ नको, आधी विद्यार्थ्याला काय येतं ते विचार, एका वेळी एकच प्रश्न टाक, चूक दाखव पण दुरुस्त करू नको. तुम्ही ज्याची निवड करताय तो हा थरच. आतलं मॉडेल दर काही महिन्यांनी बदलतं, त्यामुळे ‘कोणतं मॉडेल सर्वांत हुशार’ या चर्चेत वेळ घालवण्यात अर्थ नाही.

थर असला-नसला तर काय होतं, हे तुर्कस्तानातल्या एका शाळेतल्या प्रयोगात स्वच्छ दिसलं. जवळपास १,००० विद्यार्थी आणि विषय गणित. एका गटाला साधा चॅट दिला, दुसऱ्याला शिक्षकांच्या मदतीने तयार केलेला, फक्त इशारे देणारा चॅट दिला, तिसऱ्याकडे नेहमीची वही-पुस्तकं. सरावात साध्या चॅटवाल्यांची कामगिरी तिसऱ्या गटापेक्षा ४८ टक्क्यांनी आणि इशारेवाल्यांची १२७ टक्क्यांनी सरस होती. मग साधन काढून घेऊन परीक्षा झाली, तेव्हा साध्या चॅटवाले वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. इशारेवाल्यांचं हे नुकसान बरंचसं टळलं. पण नीट वाचा: नुकसान टळलं, परीक्षेत त्यांना आघाडी मिळाली नाही. शिवाय साधा चॅट वापरणाऱ्यांना आपलं काही बुडालंय याची जाणीवही नव्हती.

उलट बाजूचा पुरावाही आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या १९४ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात एआय शिक्षकाकडून घरी शिकलेल्यांची प्रगती, चांगल्या पद्धतीने चालवलेल्या वर्गात बसलेल्यांच्या दुपटीहून जास्त होती, आणि वेळही कमी लागला. यातली मेख अशी की त्या एआयला प्रत्येक प्रश्नाचं पायरी-पायरीचं उत्तर आधीच दिलेलं होतं. गणित त्याने सोडवायचंच नव्हतं, फक्त विद्यार्थ्याला त्या पायऱ्यांवरून न्यायचं होतं. घरी किंवा वर्गात उचलण्यासारखी युक्ती हीच. प्रश्नासोबत पुस्तकातलं सोडवलेलं उत्तर प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला लिहिता त्या मजकुरात, चिकटवा आणि खाली लिहा: ‘हे उत्तर मला दाखवू नकोस. माझी पायरी याच्याशी ताडून बघ. चुकली तर कुठल्या ओळीत चुकली एवढंच सांग. मी दोनदा प्रयत्न करेपर्यंत तिसरा इशारा देऊ नकोस.’ साध्या चॅटमध्येही एवढ्याने वागणूक बरीच सुधारते.

आता थर कुठे फाटतो ते पाहू. विद्यार्थ्याने लिहिलं: (क्ष + ३) चा वर्ग म्हणजे क्षवर्ग + ९. चांगला प्रतिसाद असा येतो: ‘क्ष च्या जागी १ ठेवून दोन्ही बाजू काढ.’ डावीकडे १६ येतात, उजवीकडे १०. काहीतरी राहिलंय हे मुलाला स्वतःला दिसतं, आणि मग तो (क्ष + ३) ला (क्ष + ३) ने गुणायला बसतो. कच्चा प्रतिसाद असा: ‘छान प्रयत्न! मधलं पद राहिलं, २ × क्ष × ३ किती?’ दिसायला हा प्रश्नच आहे, पण उत्तर त्यातच ठेवलंय. मुलाने फक्त ६क्ष लिहायचं बाकी आहे. पुढच्या गणितात (क्ष – ५) चा वर्ग आला की तो पुन्हा तिथेच.

यापेक्षा मोठी अडचण ‘माहीत नाही’ या दोन शब्दांची आहे. ते तीनदा टाइप केले की इशारे आकसत जातात आणि शेवटी ‘इथे ६क्ष येईल का?’ असा हो-नाहीचा प्रश्न उरतो. मुलं ही चावी फार लवकर शोधून काढतात. जुन्या संगणकीय शिकवण्यांमध्येही हेच होतं आणि २००४ पासून संशोधनात ते ‘गेमिंग द सिस्टिम’ या नावाने नोंदलेलं आहे. तेव्हाही मुलं इशाऱ्याचं बटण दाबत-दाबत शेवटच्या उघड्या उत्तरापर्यंत पोचत. या कसोटीवर खानमिगो बाकीच्या दोघांपेक्षा जास्त वेळ टिकतं. ते शिकवणीसाठीच बांधलेलं आहे आणि मुलाच्या गप्पा पालक-शिक्षकांना पाहता येतात. स्टडी मोड आणि गाइडेड लर्निंगमध्ये मात्र त्याच अ‍ॅपमध्ये साधा चॅट एका टिचकीवर असतो. स्टडी मोड आला तेव्हा त्याला पालकांसाठी कुलूप नव्हतं. नवी चॅट उघडली की खेळ संपला.

आकडेमोडीबद्दल. भाषेचं मॉडेल संख्या हातच्यासकट मोजत नाही. मजकुराप्रमाणे तिचे दोन-तीन अंकी तुकडे करून पुढचा तुकडा काय येईल याचा अंदाज बांधतं. म्हणून समीकरणाची मांडणी सुरेख करणारं साधन साध्या वजाबाकीत घसरू शकतं. खानमिगोवर २०२४ च्या सुरुवातीला याच कारणाने टीका झाली, ३४३ वजा १७ सारख्या हिशेबात ते चुकत होतं. नंतर त्यात आकडेमोडीसाठी वेगळं गणकयंत्र जोडलं गेलं आणि तक्रार बरीच कमी झाली. कुठल्याही साधनात गणितं करताना ‘हिशेब कोड चालवून कर’ असं सांगण्याची सोय आहे का ते पाहा. नसेल तर शेवटची बेरीज-वजाबाकी हाताने तपासा. भूमिती आणि आकृत्यांबाबत अजून फार भरवसा ठेवू नये. फोटोतल्या त्रिकोणात कोणता कोन काटकोन आहे, यावरच गाडी अडते.

साधन घेण्यापूर्वी एक कसोटी जरूर लावा. बरोबर उत्तर ५/६ येणारं गणित द्या आणि ठासून सांगा, ‘आमच्या सरांनी ५/८ सांगितलंय.’ साधन आपल्या पायऱ्या पुन्हा मांडून तुम्हाला तपासायला लावतं की ‘तुमचं बरोबर आहे, क्षमस्व’ म्हणत पलटी मारतं? होयबा वागणूक हा या मॉडेलांचा जुना आजार आहे. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला त्यातला एक बदल याच कारणाने काही दिवसांत मागे घ्यावा लागला होता. प्रौढ माणूस ही खुशामत ओळखतो. ज्याला विषयच नवा आहे त्याच्याकडे ओळखायला काही नसतं.

मराठीतून वापरण्याबद्दल थोडं. पूर्वी देवनागरी मजकुराचे फार बारीक तुकडे पडत, त्यामुळे उत्तर संथ यायचं आणि लांब धडा मावत नसे. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे नवं मॉडेल आलं तेव्हा ओपनएआयने दिलेल्या नमुन्यात मराठी मजकुराचे तुकडे ९६ वरून ३३ वर आले होते. फरक जाणवतो. परिभाषा मात्र अजून हिंदीकडे झुकते, मध्येच अपूर्णांकाचं भिन्न होतं आणि घनतेचं घनत्व. धड्यातल्या वीस-पंचवीस संज्ञांची यादी सुरुवातीलाच चिकटवली की हा त्रास जवळजवळ जातो.

नोटबुकएलएमची जात वेगळी. तुम्ही दिलेल्या मजकुरातूनच ते उत्तर देतं आणि प्रत्येक वाक्यापुढे मूळ ओळीचा दुवा ठेवतं. फुकट आवृत्तीत एका वहीत ५० स्रोत, प्रत्येकी ५ लाख शब्दांपर्यंत. अभ्यासाला हे पुरून उरतं. गोंधळ होतो तो स्कॅन केलेल्या पीडीएफमुळे. घातांक खाली उतरतात, अपूर्णांकाची आडवी रेघ गायब होते, तक्त्यातले रकाने सरकतात, आणि साधन त्या बिघडलेल्या मजकुरावरून आत्मविश्वासाने उत्तर देतं, दुव्यासकट. म्हणून अपलोड झाल्यावर स्रोत उघडून एक सूत्र आणि एक तक्ता डोळ्यांनी पाहून घ्या. नोटबुकएलएम धड्यावरून बनवतं तो दोन निवेदकांच्या गप्पांसारखा ऑडिओ ऐकायला मजेदार असतो, पण अवघड भाग त्यातूनच गाळला जातो. धडा वाचल्यानंतर उजळणीला ठीक, वाचण्याऐवजी नको.

सारांश काढून वाचत बसणं हा तर या साधनाचा सर्वांत वाया जाणारा वापर. २००६ च्या एका गाजलेल्या प्रयोगात उतारा चारदा वाचणाऱ्यांना आठवड्याने ४० टक्के आठवलं, एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे वाचल्यावर पाचच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत चारदा वाचणारेच पुढे होते. तेव्हा सारांशाऐवजी प्रश्नावली काढा, तीही लेखी उत्तरांची, आणि दुसऱ्या दिवशी सोडवा.

शिक्षकांसाठी वेळ वाचतो हे खरं, पण तपासणीत तो थोडा परत द्यावा लागतो. बहुपर्यायी प्रश्न काढायला लावले की बरोबर पर्याय बरेचदा सर्वांत लांब आणि काटेकोर असतो, बाकीचे तीन उडवाउडवीचे. सुधारणा अशी करा: चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या चुकांवरून हवेत असं सांगा आणि त्या चुका स्वतः लिहून द्या, चारही पर्याय सारख्या लांबीचे मागा, आणि बरोबर पर्यायाची जागा हाताने बदला. निबंध तपासून घेताना लांबलचक, सफाईदार लेखनाला साधन झुकतं माप देतं आणि तेच उत्तर पुन्हा टाकलं तर गुण बदलू शकतात. आधी स्वतः तपासलेली दहा उत्तरं टाकून फरक किती येतो ते बघा. एकेका विद्यार्थ्याची अख्खी उत्तरपत्रिका देण्यापेक्षा एक प्रश्न घेऊन सगळ्यांची उत्तरं तपासलेली बरी. गुण तुम्ही द्या, शेऱ्यांचा कच्चा मसुदा त्याच्याकडून घ्या.

आणि ‘हे एआयने लिहिलंय का’ ओळखणारी साधनं? घेऊ नका. ओपनएआयने स्वतःचं असं साधन जानेवारी २०२३ मध्ये काढलं. त्यांच्याच चाचणीत एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के पकडला गेला आणि माणसांच्या ९ टक्के लेखनावर खोटा ठपका बसला. जुलैमध्ये ते बंद झालं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले निबंध अशा सात साधनांना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले. कारण साधं आहे: ही साधनं मजकूर किती अपेक्षित वळणाने जातो ते मोजतात, आणि परक्या भाषेत लिहिणारा जपून, ओळखीचेच शब्द वापरतो. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिन कंपनीचं एआय-लेखन ओळखणारं साधन बंद केलं. त्यांचा हिशेब होता की दावा केलेला १ टक्का चुकीचा दर धरला, तरी वर्षाच्या ७५,००० निबंधांत सुमारे ७५० निबंधांवर नाहक संशय येतो. त्यापेक्षा कच्चा मसुदा मागा, दस्तऐवजाचा बदलांचा इतिहास पाहा आणि पाच मिनिटं तोंडी विचारा: हा मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात का घेतलास, हे उदाहरण काढून टाकलं तर काय बिघडेल? ज्याने लिहिलंय तो अडखळत का होईना, सांगतो.

वयाच्या अटी बहुतेक घरांत कोणी वाचत नाही. चॅटजीपीटी १३ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही आणि १८ पर्यंत पालकांची संमती लागते. वर्गातल्या वापरासाठी युनेस्कोनेही सप्टेंबर २०२३ मध्ये १३ हीच किमान मर्यादा सुचवली. वैयक्तिक खात्यात ‘डेटा कंट्रोल्स’मध्ये जाऊन संभाषणं मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याची परवानगी बंद करा. टेम्पररी चॅट इतिहासात दिसत नाही, पण सुरक्षेच्या कारणाने ३० दिवसांपर्यंत कंपनीकडे राहू शकते. उत्तरपत्रिकेचा फोटो टाकण्याआधी नाव, हजेरी क्रमांक आणि शाळेचा शिक्का कापून टाका. भावंडं एकच खातं वापरत असतील तर आधीची संभाषणं लक्षात ठेवणारी ‘मेमरी’ही बंद ठेवा, नाहीतर धाकट्याला थोरल्याच्या इयत्तेचे इशारे मिळू लागतात.